प्रकाशाचा जमाखर्च

दिवस आणि रात्र यांच्या सांध्यास आपल्या पूर्वजांनीं संध्या हें नांव दिलें आणि त्या घटकेस करावयाचें कर्मही नेमून दिलें. अलीकडे त्याच घटकेस एक नवें कर्म पुष्कळ घरांत शिरलें आहे. नवा डिजिटल कॅमेरा गळ्यांत अडकवून गच्चीवर किंवा समुद्रकांठीं जावयाचें आणि मावळतीकडे झेपावणाऱ्या विमानांचीं छायाचित्रें काढावयाचीं. हा छंद आम्हांसही वर्षभरापासून जडला असल्यामुळें त्याची निंदा आमच्या लेखणींतून होण्याचा संभव नाहीं. परंतु छंद झाला तरी त्यास शास्त्र असतें, आणि शास्त्र समजून घेतल्यावांचून पैसा खर्च केला तर छंदाचें रूपांतर घरांतील कलहांत होण्यास वेळ लागत नाहीं.

गेल्या महिन्यांत ठाण्याच्या एका वृद्ध भगिनीचें पत्र आलें. घर बारा माणसांचें. नातवानें पहिल्या पगारांतून कॅमेरा घेतला. नात पुढील शिक्षणासाठीं जर्मनीस जाणार. तिचें विमान मुंबईहून निघेल त्याचें चित्र घरांत असावें, अशी आजींची इच्छा. नातू सरावासाठीं दर रविवारीं जुहूस जातो; पण जीं चित्रें घरीं येतात त्यांत विमान म्हणजे एक तर काळा डाग, नाहीं तर हललेली पुसट रेघ. नातू म्हणतो, "लेन्स कमी शक्तीची आहे, मोठी घ्यावी लागेल." तिची किंमत लाखाच्या पलीकडे. त्याचे वडील म्हणतात, "नाचतां येईना, अंगण वांकडें." आतां दोघांत बोलणेंही बेताचेंच उरलें आहे. आजी आम्हांस विचारतात, "दोष कोणाचा समजावा? कॅमेऱ्याचा, हाताचा, कीं वेळेचा?"

बाईंनीं तिसरा शब्द कदाचित् सहज लिहिला असेल. परंतु उत्तर मुख्यतः त्याच शब्दांत आहे.

ज्या गृहिणीनें ठराविक मिळकतींत बारा माणसांचें घर चालविलें, तिला छायाचित्रणाचें मर्म समजावयास कठीण नाहीं. येथें मिळकत म्हणजे प्रकाश. तो कॅमेऱ्यांत किती शिरावा, हें दोन गोष्टींवर ठरतें. एक लेन्सचें छिद्र आणि दुसरें शटर उघडें राहण्याचा काळ. छिद्राचे आंकडे २.८, ४, ५.६, ८ असे असतात आणि आंकडा जितका मोठा तितकें छिद्र लहान. याचें कारण असें कीं, हा आंकडा म्हणजे लेन्सच्या केंद्रांतरास छिद्राच्या व्यासानें भागून येणारा भागाकार होय. वरील क्रमांत प्रत्येक पायरीस प्रकाश निम्मा होतो, म्हणजे ५.६ ची लेन्स २.८ च्या लेन्सपेक्षां एकचतुर्थांश प्रकाश आंत घेते. नव्या कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या बहुतेक लेन्स दूरचें दृश्य जवळ ओढतांना ५.६ किंवा ६.३ वर येऊन थांबतात. नातवाची तक्रार अगदींच निराधार नाहीं, ती एवढ्यापुरती.

आतां मिळकत किती वेगानें आटते तें पाहूं. माध्यान्हींच्या उन्हांत जमिनीवर सुमारें एक लक्ष लक्स प्रकाश पडतो. लक्स हें प्रकाश मोजण्याचें परिमाण. आकाश निरभ्र असतां सूर्यबिंब क्षितिजाखालीं जातें त्या क्षणीं तोच ४०० लक्सच्या आसपास उरतो. आणि सूर्य क्षितिजाच्या ६ अंश खालीं गेला, म्हणजे ज्योतिषी ज्यास नागरी संधिप्रकाश म्हणतात तो संपला, कीं साडेतीन लक्सच्या आसपास येतो. मुंबईच्या अक्षांशावर सूर्यास्तापासून या स्थितीस पोंचण्यास अवघीं बावीस ते चोवीस मिनिटें लागतात. लंडनसारख्या उत्तरेकडील शहरीं सूर्य तिरपा मावळतो, म्हणून तेथें संधिप्रकाश अधिक रेंगाळतो. आपल्याकडे तो जवळजवळ सरळ बुडतो. विलायती पुस्तकें वाचून सायंकाळीं निवांतपणें निघणाऱ्यानें हा भेद ध्यानांत ठेवावा. चारशेंचे साडेतीन होणें म्हणजे प्रकाश शंभराव्या हिश्शाहूनही कमी होणें. सरासरीनें पाहतां दर तीन-सव्वातीन मिनिटांस तो निम्मा होतो.

यावरून लाखाच्या लेन्सचा हिशेब आपोआप निघतो. ५.६ ऐवजीं २.८ ची लेन्स घेतली तर प्रकाश चौपट मिळेल. चौपट म्हणजे दोनदां दुप्पट. आणि सायंकाळीं दोनदां दुप्पट प्रकाश मिळविण्यासाठीं सहा-साडेसहा मिनिटें आधीं चित्र काढलें कीं पुरतें. नातवानें एक लाख रुपये देऊन सहा मिनिटें विकत घ्यावीं, कीं घरांतून अर्धा तास आधीं निघावें, याचा निर्णय त्यानें व त्याच्या वडिलांनीं एकत्र बसून करावा. पंचांगांत रोजची सूर्यास्ताची वेळ छापलेली असते. स्थळाप्रमाणें मिनिटांचा फरक करून घ्यावा म्हणजे झालें. मुंबईस नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जुलैच्या आरंभीं सातवीसपर्यंत टिकतो. घरचें पंचांग छायाचित्रकारास इतकें उपयोगी पडेल हें आम्हांसही पूर्वीं सुचलें नव्हतें.

मोठी लेन्स निरुपयोगी असते, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. जो रोजच्या रोज हेंच काम करतो, ज्यास पावसाळी अभ्रांतही चित्र चुकवून चालत नाहीं, त्याचा तो उदरनिर्वाह आहे. त्यानें ती अवश्य घ्यावी. घरगुती छंदास मात्र प्रथम वेळ, मग सराव आणि सर्वांच्या शेवटीं पैसा, हाच क्रम योग्य.

आतां हाताकडे वळूं. उड्डाण करून नुकतेंच वर चढणारें प्रवासी विमान ताशीं २८८ किलोमीटर वेगानें जात आहे असें धरा. म्हणजे सेकंदास ८० मीटर झाले. शटर सेकंदाचा पांचशेंवा भाग उघडें राहिलें तर तेवढ्यांत विमान १६ सेंटिमीटर सरकतें. साठावा भाग राहिलें तर सव्वा मीटरहून अधिक. त्यांत हाताच्या कंपाची भर. यासाठीं जुना नियम असा आहे कीं, लेन्सचें केंद्रांतर जितके मिलिमीटर, सेकंदाच्या निदान तितक्याव्या भागानें शटर चालवावें. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांत त्या आंकड्यास दीडपट करावें लागतें. म्हणजे ३०० मिलिमीटरच्या लेन्सला साडेचारशेंवा भाग, व्यवहारांत पांचशेंवा. लेन्समधील कंपरोधक योजना हाताचा कंप आंवरते. विमानाची गति ती थांबवूं शकत नाहीं. हा भेद विक्रेते क्वचित् सांगतात.

तरीही उजेड कमी असतां सव्वाशेंव्या भागावर चित्र घेतां येतें. त्यासाठीं विमानाबरोबर कॅमेरा फिरवावा लागतो. पाय खांद्यांइतके फांकवून उभें राहावें. दोन्ही कोपरे बरगड्यांस टेकवावे. विमान दूर असतांनाच तें चौकटींत धरावें, आणि कमरेपासून वरचें शरीर जात्याच्या खुंट्यासारखें संथ फिरवीत न्यावें. बटण दाबतांना फिरणें थांबवूं नये, दाबल्यावरही थांबवूं नये. बहुतेक चित्रें बिघडतात तीं बटण दाबण्याच्या क्षणीं हात थबकल्यामुळें. जुहूच्या चौपाटीवर आम्हीं केलेल्या सरावांत सव्वाशेंव्या भागावर दहांपैकीं तीन-चार चित्रें स्वच्छ येतात. त्यापेक्षां अधिकाची अपेक्षा आम्ही ठेवीत नाहीं. पूर्वीं रोलमध्यें छत्तीस चित्रें असत आणि प्रत्येकास दाम पडे. आतां सहा टाकून चार ठेवण्यास कांहींच खर्च येत नाहीं. घरांत विमानें ओळखण्याची आवड असलेलीं मुलें असतील तर त्यांस पंख्याचें विमान दाखवावें. एटीआर ७२ जातीच्या विमानाचा सहा पात्यांचा पंखा मिनिटांत सुमारें १२०० फेरे घेतो. हजाराव्या भागावर तीं पातीं खिळल्यासारखीं दिसतात आणि विमान आकाशांत बंद पडल्याचा भास होतो. साठाव्या भागावर त्यांचें सुंदर वर्तुळ उमटतें. संथ शटर हा प्रत्येक वेळीं नाइलाजच असतो असें नाहीं.

तिसरी रक्कम आयएसओची. हा आंकडा वाढविला कीं चित्र उजळतें, म्हणून लोकांची समजूत अशी कीं त्यानें प्रकाश वाढतो. प्रकाश मुळींच वाढत नाहीं. आलेला हिशेब मोठ्या आंकड्यांत मांडला जातो, इतकेंच. मग चित्रांत रवाळपणा कां दिसतो? अंगणांत शंभर वाट्या मांडून ठेवा. चार थेंब पडले न पडले तोंच पाऊस थांबला, तर कोणत्या वाटींत पांच थेंब तर कोणत्या वाटींत दोन, असा विषमपणा डोळ्यांत भरतो. मुसळधार पाऊस झाला तर सर्व वाट्या सारख्याच भरलेल्या दिसतात. प्रकाशही थेंबाथेंबानेंच येतो. एखाद्या बिंदूवर सरासरी ९ कण पडत असतील तर कमीअधिकपणा साधारण ३ चा, म्हणजे एकतृतीयांश. ९०० पडत असतील तर ३० चा, म्हणजे अवघा तिसावा हिस्सा. रवाळपणाचें मूळ प्रकाशाच्या तुटपुंजेपणांत आहे. म्हणून आयएसओला भिऊन चित्र काळें काढावें आणि घरीं संगणकावर उजळावें, ही काटकसर बहुधा महागांत पडते. काय लागेल तो आंकडा ठेवावा, मात्र शक्य तितका प्रकाश आधीं घ्यावा. सूर्यास्ताच्या क्षणीं एका शटरास ४०० नें भागत असेल, तर बावीस मिनिटांनीं त्याच शटरास पन्नास हजारांच्या घरांत जावें लागेल. पुन्हा गोष्ट वेळेवरच आली.

आजींनीं लिहिलेला 'काळा डाग' मात्र वेगळ्या कारणाचा आहे, आणि त्यास उपाय फुकटचा आहे. कॅमेऱ्यांतील मापक असें गृहीत धरतो कीं, समोरचें दृश्य सरासरीनें मध्यम राखी रंगाचें आहे. समोर पश्चिमेचें उजळ आकाश असलें कीं तो त्यास राखी करूं पाहतो. विमान बिचारें त्या भरांत काळें होतें. अशा वेळीं अधिक-उणें चिन्हाच्या बटणानें एक ते दीड पायरी अधिक करावें. रात्रीं याच्या उलट. काळ्या आकाशास मापक राखी करावयास जातो आणि दिवे पांढरे फुटतात. तेव्हां उणें करावें. फोकस सतत चालूं राहील अशी योजना निवडून मधल्या बिंदूनें विमानाच्या नाकाशीं किंवा शेपटीच्या रंगीत खुणेशीं तो जुळवावा. रिकाम्या आकाशांत कॅमेऱ्यास धरावयास कांहींच नसतें, म्हणून लेन्स नुसती पुढें-मागें शोधीत राहते. जे कॅमेरे चित्र कच्च्या स्वरूपांत सांठवितात त्यांत तेंच स्वरूप घ्यावें. नेहमींच्या जेपेगमध्यें प्रत्येक रंगाच्या २५६ छटा राहतात, तर चौदा बिटांच्या कच्च्या चित्रांत १६,३८४. आणि फ्लॅश कृपा करून बंद ठेवावा. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत घटतो. सहा मीटरांवरील माणसास उजळणारा फ्लॅश सहाशें मीटरांवरील विमानापर्यंत दहा हजारावा हिस्सा पोंचवितो.

जागेची निवड नातवानें चांगली केली आहे. विमान वाऱ्यास सामोरें जाऊन उडतें, आणि मुंबईस सायंकाळीं वारा बहुधा समुद्रावरून येतो. त्यामुळें मुख्य धांवपट्टीच्या २७ क्रमांकाच्या दिशेनें विमानें पश्चिमेस उठतात. २७ म्हणजे होकायंत्राचे २७० अंश, शेवटचें शून्य गाळून. तीं जुहूच्या बाजूनें किनारा ओलांडून समुद्रावर जातात. येथें एक मौज आहे. मावळत्या सूर्याकडे जाणाऱ्या विमानाचें तोंड आणि पोट यांवर आडवें ऊन पडतें. तेंच डोक्यावरून पुढें गेलें कीं तेजासमोरची काळी आकृति होते. तेव्हां सोनेरी विमान हवें असेल तर पूर्वेकडे तोंड करून तें येतांना टिपावें, काळी आकृति हवी असेल तर वळून जातांना. शिवाय उंचावरच्यास सूर्य उशिरां मावळतो. सहाशें मीटरांवरील विमानास आपल्यापेक्षां तीनएक मिनिटें अधिक ऊन मिळतें, दहा किलोमीटरांवरून जाणाऱ्यास तेरा-चौदा मिनिटें. खालीं दिवेलागण झालेली असतां वर एखादें विमान चकाकतांना दिसतें, त्याचें हें कारण.

याच जुहूस १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा हे कराचीहून अहमदाबादमार्गें टपालाच्या थैल्या घेऊन एका लहानशा पस मॉथ विमानांतून उतरले, आणि आपल्या देशांतील नियमित हवाई टपालाची सुरुवात झाली. पन्नास वर्षांनीं, १९८२ सालीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं त्यांनीं तोच प्रवास पुन्हा स्वतः विमान चालवून केला. म्हातारपणीं नवें यंत्र हातीं धरावें काय, असें ज्यांस घरांतील तरुण मंडळी हंसत विचारतात, त्यांनीं हें उदाहरण सांगावें. जुहूच्या त्या विमानतळावरून आज मुख्यत्वें हेलिकॉप्टरें उडतात.

राहिली आजींची खरी इच्छा. नातीचें विमान, त्यांच्या पत्राप्रमाणें, मध्यरात्रीनंतर सुटणार आहे. अशा वेळीं कोणतीही लेन्स घेतली तरी हातांत धरलेल्या कॅमेऱ्यानें विमानाचें स्पष्ट चित्र मिळण्याची आशा धरूं नये; हें लाख रुपये खर्च होण्यापूर्वींच सांगितलेलें बरें. परंतु त्या विमानाच्या वाटेचें चित्र मिळूं शकतें. पार्ले-अंधेरीकडील एखाद्या आप्ताच्या गच्चीवर तिपाई मांडावी. कंपरोधक योजना बंद करावी, दूरच्या एखाद्या दिव्यावर फोकस हातानें जुळवून ठेवावा, आयएसओ १०० आणि छिद्र ८ ठेवावें. फ्लाइटरडार२४ या ॲपवर विमानाचा क्रमांक पाहत राहावें, आणि तें उठलें कीं शटर वीस सेकंद उघडें ठेवावें. हाताचा धक्का लागूं नये म्हणून दोन सेकंदांचा विलंब लावावा. वीस सेकंदांत विमान दीड किलोमीटरहून अधिक जातें. तेवढी वाट प्रकाशाच्या एका रेषेनें चित्रांत उमटते, आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांचे ठिपके तीवर ओळीनें बसतात. कांहीं दिवस आधीं निराळ्या विमानांवर हा प्रयोग करून पाहावा. घरांतील लहान मुलांस बरोबर न्यावें व दिवे ओळखावयास शिकवावें. विमानाच्या डाव्या पंखाच्या टोंकास तांबडा, उजव्यास हिरवा आणि शेपटीस पांढरा दिवा असतो. तांबडा दिसला तर विमानाची डावी बाजू आपल्याकडे आहे. तांबडा-हिरवा दोन्ही दिसले तर तें आपल्याकडेच येत आहे. नुसता पांढरा दिसला तर तें दूर जात आहे. आजींस त्या रात्रीं पांढरा दिवा दिसेल.

चौपाटी सार्वजनिक आहे, परंतु सर्व जागा तशा नसतात. पुण्याचा लोहगांवचा तळ हवाई दलाचा. तेथें कॅमेरा पिशवींतून बाहेर काढूं नये. कोणत्याही विमानतळाच्या कुंपणाशीं सुरक्षारक्षकांनीं हटकलें तर वाद न घालतां निघावें. विमानाकडे लेझरचा झोत टाकणें हा खेळ नव्हे. वैमानिकाचे डोळे दिपून शेंकडों माणसांचा जीव धोक्यांत येतो. समुद्रकांठीं खारी हवा लेन्सवर बसते. घरीं आल्यावर प्रथम ती फुंकणीनें झटकावी, मग मऊ फडक्यानें पुसावी, पदरानें किंवा धोतराच्या सोग्यानें नव्हे.

पैसे खर्च करावयाचेच असतील तर नातवास आमची एक सूचना आहे. ५० मिलिमीटर केंद्रांतराची, १.८ छिद्राची साधी लेन्स लाखाच्या मानानें फारच स्वस्त मिळते. ती ५.६ च्या मानानें जवळजवळ दहापट प्रकाश घेते. विमान तिच्यांत लहान दिसेल. पण बहीण निघण्याच्या दिवशीं दिवा लागल्यावर, सामान बांधून झाल्यावर, ती आजीच्या शेजारीं बसली असतां दोघींचें चित्र त्याच लेन्सनें घ्यावें. फ्लॅश नको, देवघरांतल्या किंवा माजघरांतल्या दिव्याचाच उजेड असूं द्यावा. शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाखालीं नेऊं नये, कारण अशा वेळीं माणसें स्थिर बसत नाहींत. फोकस आजीच्या चेहऱ्यावर न धरतां नातीच्या डोळ्यांवर धरावा. आजींनीं आम्हांस क्षमा करावी, पण चित्र त्यांच्यासाठीं आहे. तें आणि विमानाच्या वाटेचें, अशीं दोन चित्रें कागदावर छापून घ्यावीं, मागें तिथि, तारीख व वेळ लिहावी, आणि एक जोड नातीच्या पेटींतही पाठवावी. ती मागाहून टपालानें जाईल, हें ओघानें आलेंच.

बापलेकांनीं पुढच्या रविवारीं एकत्रच जुहूस जावें, सूर्यास्ताच्या आधीं अर्धा तास. एकानें घड्याळ धरावें आणि एकानें कॅमेरा. दर तीन मिनिटांस एक चित्र घेऊन आंकडे वहींत मांडावे. तीं सात-आठ चित्रें ओळीनें लावलीं कीं लेन्सचा वाद त्यांचा त्यांनाच मिटवितां येईल. त्यांची वही आमच्याकडे आली तर पुढील एखाद्या अंकीं तिच्यांतील आंकडे देऊं. पुढील महिन्यांत, काढलेलीं चित्रें वीस-पंचवीस वर्षें टिकावीं म्हणून त्यांच्या प्रती कशा व कोठें ठेवाव्या, याचा विचार करूं.